तारखेचं स्तोत्र

१२ नोव्हेंबर, मंगळवार. लंडन

सेंट पॉल कॅथेड्रलच्या पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि लंडनवर अंधार उतरला होता. दिवसा आत जायला तिकीट लागतं, संध्याकाळच्या उपासनेला लागत नाही. इरानं दारातल्या माणसाला "इव्हनसाँग" एवढंच सांगितलं आणि त्यानं हसून आत सोडलं.

इरा माझी भाची. रेडिंगला नोकरी करते. मी पुण्याहून तिच्याकडे आले ती एकच मागणी घेऊन. मला राजवाडे दाखवू नकोस, पाच दिवस रोज संध्याकाळी एकेका कॅथेड्रलात नेऊन बसव. "पाचही दिवस तेच का गं, मावशी?" असं तिनं फोनवर विचारलं होतं. तेच नसतं, हे फोनवर समजावता येईना.

माझं लहानपण गुरुवार पेठेत गेलं. पंचहौदच्या चर्चच्या घंटा आमच्या गच्चीवर ऐकू यायच्या. आत काय गातात हे तेव्हा कधी पाहिलं नाही. पुढे बारा वर्षं गाणं शिकले, शिकवलं, आणि निवृत्तीनंतर एका संध्याकाळी इंटरनेटवर बीबीसी रेडिओ ३ लावला असताना इव्हनसाँग कानावर पडलं. हे प्रक्षेपण ७ ऑक्टोबर १९२६ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतून सुरू झालं, आणि ते अजून चालू आहे. तेव्हापासून बुधवारची संध्याकाळ मी कुणाला देत नाही. पण रेडिओवर आवाज येतो, जागा येत नाही. ती बघायला आले होते.

इव्हनसाँग ही इंग्लंडच्या चर्चची सायंप्रार्थना. थॉमस क्रॅन्मर या आर्चबिशपनं १५४९ मध्ये मठांतल्या संध्याकाळच्या आणि निजण्यापूर्वीच्या अशा दोन लॅटिन उपासना एकत्र करून इंग्रजीत ती बांधली. म्हणून तिच्यात दोन गीतं येतात, एक मरीयेचं आणि एक म्हाताऱ्या शिमोनाचं. पहिलं संध्याकाळच्या वेस्पर्समधून आलं, दुसरं निजण्यापूर्वीच्या कॉम्प्लिनमधून. त्यांच्याआधी बायबलातली स्तोत्रं असतात, आणि माझा जीव या स्तोत्रांत अडकलेला आहे.

स्तोत्रं एकूण १५०. क्रॅन्मरनं ती महिन्याच्या ३० दिवसांत वाटून टाकली. रोज सकाळी एक वाटा, संध्याकाळी एक, असे ६० वाटे. पहिल्या तारखेला पहिल्यापासून सुरुवात, तीस तारखेला संध्याकाळी १४७ ते १५० म्हणून संपवायचं, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून. कोणतं स्तोत्र म्हणायचं हे तारीख ठरवते. गाणाऱ्याचा मूड, ऐकणाऱ्याची आवड, बाहेरचं हवामान, कशालाच विचारायचं नाही. आता सगळीकडे हे इतकं काटेकोर पाळत नाहीत. रविवारी आणि सणांना वेगळी नेमणूक असते, कुठे वाटा लहान करतात, कुठे एखाद्या वारी क्वायरला, म्हणजे गायकवृंदाला, सुट्टी असते. तरी तारखेचं स्तोत्र हा शब्द गाणाऱ्यांच्या तोंडी अजून आहे, आणि मी प्रवासाच्या तारखा त्यावरूनच धरल्या होत्या. बारा ते सोळा.

बाराच्या संध्याकाळी ६५ पासून सुरुवात होते. आम्हाला घुमटाखाली खुर्च्या मिळाल्या. एका खांबापाशी विल्यम जोन्सचा, म्हणजे मनुस्मृती इंग्रजीत आणणाऱ्या विद्वानाचा, संगमरवरी पुतळा आहे, हाताशी तोच ग्रंथ. आपल्याकडचा ग्रंथ असा अचानक समोर आला आणि मी थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. कालच युद्धस्मृतीचा दिवस होऊन गेलेला, त्यामुळे लाल कागदी पॉपींची चक्रं ठिकठिकाणी ठेवलेली होती.

पाच वाजता ऑर्गन थांबला आणि मुलगे व पुरुष दोन-दोनच्या रांगेनं आत आले. पहिलाच स्वर वर गेला तो परत यायला तयार होईना. घुमटात आवाज कितीतरी वेळ फिरत राहतो. एक ओळ संपते, तिची सावली अजून वर असते, आणि त्या सावलीत दुसरी ओळ सुरू होते. शब्द मला फारसे कळले नाहीत. दऱ्या धान्यानं इतक्या भरल्या आहेत की त्या हसतात आणि गातात, एवढी शेवटची ओळ कळली, कारण ती मला आधीपासून पाठ होती. सेंट पॉल भव्य आहे, यात शंका नाही. पण स्तोत्र ऐकायला जागा जवळची हवी, हे मी इराला ट्रेनमध्ये सांगितलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सॉल्सबरी

वॉटर्लू स्टेशनवरून दीड तास. सकाळभर पाऊस. इरानं हा बुधवार मुद्दाम सुट्टी टाकून मोकळा ठेवला होता.

सॉल्सबरीचा मनोरा १२३ मीटर उंच, इंग्लंडमधला सगळ्यांत उंच. १२२० मध्ये पाया घातला आणि १२५८ मध्ये मुख्य इमारत उभी राहून तिचा संस्कार झाला. कॅथेड्रलाच्या मानानं हे काम फारच लवकर आटोपलं, म्हणून सगळी वास्तू एका हातची वाटते. मनोरा मात्र नंतरचा, आणि त्याच्यामुळे सुमारे ६,५०० टन वजन वाढलं. आता पाया किती खोल असेल? चार फूट. खाली नदीकाठची ओली वाळू-खडी, आणि तिच्यात पाणी. जमिनीतली एक फरशी उचलून तिथे काठी बुडवून पाण्याची पातळी बघतात. मार्गदर्शक काकांनी ती काठी बुडवून बाहेर काढली, ओला भाग बोटानं दाखवला आणि म्हणाले, पाणी आहे तोवर चिंता नाही, खडी ओली राहिली तर घट्ट राहते.

सभामंडपाच्या मध्यावर बाप्तिस्म्याचं नवं पात्र आहे, २००८ मधलं, विल्यम पाय या शिल्पकाराचं. काठोकाठ भरलेलं, इतकं निश्चल की वरची कमान त्यात जशीच्या तशी उतरलेली. चारही कोपऱ्यांतून पाणी आवाज न करता खाली पडत असतं. इरा त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मॅग्ना कार्टाच्या १२१५ च्या चार मूळ प्रतींपैकी एक इथेच आहे. ती आम्ही पाहिली आणि पुढे निघालो.

संध्याकाळी आम्ही लवकर गेलो. गायकांच्या बाकांमागे रिकाम्या जागा असतील तर तिथे बसू देतात, आणि आम्हाला बसू दिलं. आता मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. कोरलेली काळी लाकडी बाकं, प्रत्येक जागेपुढे छोटा दिवा, लाल छटेची शेड. दोन बाजू समोरासमोर. दक्षिणेकडची डेकानाय, म्हणजे डीनची, कॅथेड्रलच्या प्रमुखाची बाजू. उत्तरेकडची कँटोरिस, म्हणजे प्रमुख गायकाची. एक चरण ही बाजू म्हणते, पुढचा ती. माझे आजोबा वारकरी होते. हरिपाठाला दोन रांगा अशाच समोरासमोर उभ्या असतात आणि चरण असाच इकडून तिकडे जातो. शरीराला ही बैठक आधीच ओळखीची होती.

आज मुली गाणार होत्या. कॅथेड्रलाच्या क्वायरमध्ये शेकडो वर्षं मुलगेच. मुलींची स्वतंत्र क्वायर प्रथम उभी केली ती सॉल्सबरीनं, १९९१ मध्ये. नंतर बाकीचे हळूहळू त्या वाटेनं गेले. इथे बाकांजवळ एक दगड आहे. नव्या मुलाचं डोकं त्यावर हळूच टेकवून त्याला क्वायरमध्ये घेतात, ही जुनी रीत. तितक्या डोक्यांनी दगडाला खोलगट वळण आलंय. मी त्यात तळहात ठेवून बघितला. गार आणि गुळगुळीत, जात्याच्या पाळीसारखा.

तेराच्या संध्याकाळचं पहिलं स्तोत्र ६९वं. त्याची सुरुवात अशी आहे: देवा, मला वाचव, पाणी माझ्या जिवापर्यंत आलंय, मी खोल चिखलात रुततोय, पायाला तळ लागत नाही. ज्या इमारतीच्या पोटात काठी बुडवून आज दुपारी पाणी मोजलं, तिथेच. हे कुणी ठरवून जुळवलेलं नव्हतं. तेरा तारीख होती, एवढंच.

चालीबद्दल सांगायला हवं. याला अँग्लिकन चँट म्हणतात. चाल फार लहान असते, चार आवाजांतले फक्त दहा स्वरमेळ. पहिल्या अर्ध्याला चार, दुसऱ्याला सहा. दुहेरी चाल असेल तर वीस, आणि ती दोन चरणांना पुरते. स्तोत्राचे चरण मात्र कुठे सात शब्दांचे, कुठे पंचवीस. मग बसवायचं कसं? पहिल्या स्वरमेळावर उभं राहायचं आणि लागतील तितके शब्द त्याच एका स्वरावर बोलत जायचं, अगदी बोलण्याच्या गतीनं. चरणाचा शेवट आला की उरलेल्या स्वरांवरून पायऱ्या उतरायच्या. कोणत्या शब्दावर पाऊल उचलायचं ते पुस्तकात उभ्या रेघांनी दाखवलेलं असतं. ताल नाही, पण लय आहे, आणि ती लय भाषेची आहे. तीस माणसांनी एकाच मुखानं गद्य बोलावं तसं. इतक्या वर्षांच्या गाण्यात मी शब्दाला सुरामागून चालवत आले. इथे सूर शब्दाच्या मागे, मान खाली घालून चालतो.

माझ्यासमोरच्या मुलीच्या हातातलं पुस्तक मला दिसत होतं. प्रत्येक चरणाच्या मध्ये दोन टिंबं, आपल्या विसर्गासारखी. त्या टिंबांशी आल्यावर सगळे थांबतात. श्वास घेतात. फार तर दोन मात्रा. मग दुसरा अर्धा. रेडिओवर ही थांबणूक मला नुसती पोकळी वाटायची. इथे दोन हातांवर बसल्यावर कळलं की ती पोकळी नाही. त्या क्षणी सगळे खांदे एकदम किंचित वर येतात, आणि कुणीही हात न हलवता सगळे एकदम पुढे निघतात. शेजारच्या छोट्या मुलीचं बोट एका ओळीवर अडकलं होतं. मोठीनं आपलं गाणं न थांबवता तिचं पुस्तक स्वतःकडे ओढलं, बोट उचलून योग्य ओळीवर ठेवलं आणि पुस्तक परत केलं. या सगळ्याला दीड चरण लागला.

पायाला तळ नाही, असं त्या लहान मुली त्या स्वच्छ, थंड आवाजात म्हणत होत्या. इरा खाली फरशीकडे बघत होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. वेल्स

वेल्सला रेल्वे नाही. बाथपर्यंत ट्रेन, पुढे टेकड्यांमधून बस. गावाला नाव दिलं ते इथल्या झऱ्यांनी. बिशपच्या वाड्याभोवती खंदक आहे आणि त्यातले हंस दोरी ओढून घंटा वाजवतात, मग खिडकीतून त्यांना खायला मिळतं. आम्ही गेलो तेव्हा ते पंखात माना घालून झोपले होते.

वेल्सच्या प्रेमात पडायला मला व्हिकार्स क्लोज ही एक गल्ली पुरली. १४व्या शतकात बिशप राल्फनं इथल्या गायकांसाठी घरं बांधली, म्हणजे त्यांनी गावात इकडेतिकडे न राहता एका ठिकाणी राहावं. ती घरं अजून तशीच दोन ओळींत उभी आहेत, उंच चिमण्यांची, आणि क्वायरमधले पुरुष आजही तिथे राहतात. एका दारात चिखलाचे बूट होते, एका खिडकीतून पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. गल्लीच्या तोंडाशी पूल आहे, १५व्या शतकातला. त्यावरून गायक रस्त्यावर पाय न ठेवता थेट कॅथेड्रलात जातात. गाण्यासाठी घर देणारे राजे आपल्याकडेही झाले. पण सुमारे पावणेसातशे वर्षं तीच घरं, तेच काम आणि रोजची तीच संध्याकाळची वेळ, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आत जुनं घड्याळ आहे, १३९० च्या सुमाराचं. दर पावतासाला घोडेस्वार गोल फिरतात आणि एकजण प्रत्येक वेळी पडतो. मुलांची एक सहल त्याच्यावर खूश होती. मध्यावर कात्रीसारख्या उलटसुलट कमानी आहेत. मनोरा कलायला लागला म्हणून १३३८ पासून दहा वर्षांत त्या घातल्या.

चौदाच्या संध्याकाळी ७३ आणि ७४. चौऱ्याहत्तराव्यात मंदिराची मोडतोड येते: कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन त्यांनी सगळं कोरीव काम फोडलं, तुझी पवित्र जागा जाळली. दुपारी आम्ही पश्चिमेची भिंत पाहिली होती. मुळात तिच्यावर पाचशेच्या आसपास मूर्ती होत्या, आता तीनशे उरल्या आहेत. कित्येकांना डोकी नाहीत. १६८५ मध्ये ड्यूक ऑफ मन्मथच्या बंडखोरांनी इथे घोडे बांधले आणि गोळ्यांसाठी छपराचं शिसं उखडून नेलं.

त्याच्याही आधी, १६४० च्या दशकात, गाणंच बंद पडलं होतं. गृहयुद्धात पार्लमेंटनं प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली, कॅथेड्रलांच्या क्वायर मोडल्या, कित्येक ठिकाणी ऑर्गन फोडले. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा पंधरा वर्षांची फट पडली होती. म्हातारे गायक होते, पण मुलांचा आवाज पंधरा वर्षं टिकत नाही. शिकलेला एकही मुलगा उरला नव्हता. राजाच्या स्वतःच्या चॅपेलमध्ये काही काळ मुलांची ओळ कॉर्नेट नावाच्या फुंकवाद्यावर वाजवून भागवावी लागली. मी गाणं शिकवलेली बाई आहे. पंधरा वर्षं गुरूसमोर कुणी बसलंच नाही म्हणजे काय होतं, याचा विचार करून मला पोटात तुटलं. मग पुन्हा लहान मुलं आणून, एकेक चाल तोंडी देऊन त्यांनी ते उभं केलं.

७४व्या स्तोत्राला आज कोमल सुरांची, उदास चाल होती. हातोड्यांच्या चरणाशी ऑर्गन एकदम दाटला. गाणाऱ्यांनी मात्र आवाज चढवला नाही. शब्द नुसते ठेवले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. ग्लॉस्टर

हा दिवस मी सहा महिन्यांपासून धरून ठेवला होता. पंधराची संध्याकाळ म्हणजे ७८वं स्तोत्र. एकटंच, पण ७३ चरणांचं. क्वायरमध्ये वाढलेल्या माणसापुढे "पंधराची संध्याकाळ" एवढं म्हटलं तरी तो हसतो. बऱ्याच ठिकाणी त्याचा तुकडाच गातात. इथे पाटीवर नुसता ७८ हा आकडा होता, पुढे चरणांची मर्यादा नव्हती. मी इराला कोपरानं ढोसलं.

त्याआधी दुपार होती. ग्लॉस्टरच्या ओवऱ्यांचं छत म्हणजे दगडाचे पंखे, एका देठातून शेकडो काड्या फुटलेले. पंखाकृती छतांपैकी हे सगळ्यांत जुन्यांतलं. पावसाचा उजेड त्या काड्यांवर पडला होता. ६ सप्टेंबर १९१० ला याच कॅथेड्रलात व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं टॅलिस या जुन्या संगीतकाराच्या एका धूनवर रचलेलं तंतुवाद्यांचं काम पहिल्यांदा वाजलं. धून मूळची स्तोत्रांसाठीच केलेली, १५६७ ची. श्रोत्यांत सतरा वर्षांचा हर्बर्ट हॉवेल्स होता, इथल्या ऑर्गनिस्टकडे शिकणारा. त्या रात्री तो आणि त्याचा मित्र आयव्हर गर्नी गावाच्या रस्त्यांवरून फिरत राहिले, झोप कुणाला येणार होती. पुढे हॉवेल्सनं एकेका कॅथेड्रलासाठी मरीयेचं आणि शिमोनाचं गीत रचलं, त्या-त्या वास्तूचा घुमारा डोक्यात ठेवून. ग्लॉस्टरसाठी केलं ते १९४६ मध्ये. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा मायकल १९३५ मध्ये पोलिओनं गेला आणि इथून जवळच ट्विगवर्थच्या चर्चमागे पुरलेला आहे. त्यानंतर हॉवेल्सनं मुलांच्या आवाजासाठी जे लिहिलं, ते ऐकताना मला ते मूल आठवतं.

उपासनेला आम्ही मोजून बावीस जण होतो. गाणारे आमच्यापेक्षा जास्त. नोव्हेंबरातला शुक्रवार, बाहेर पाऊस, आणि समोर तीसेक माणसं महिनाभर घोटलेली चाल घेऊन उभी. आम्ही बावीसही नसतो तरी ती उभी राहिली असती, वेळ तीच, पाटीवर आकडा तोच.

७८वं स्तोत्र म्हणजे गोष्ट आहे. बापानं मुलाला सांगावी, मुलानं त्याच्या मुलाला, अशी सुरुवात. समुद्र दुभंगला, खडकातून पाणी आलं, आकाशातून अन्न पडलं, तरी लोक विसरले. पुन्हा आठवले, पुन्हा विसरले. इतक्या लांब मजकुराला एकच चाल लावली तर कान झोपेल, म्हणून मध्ये चाली बदलतात. सुरुवातीला शांत, दुहेरी. लोक कुरकुरायला लागतात तिथे ती कोमल सुरांत उतरली. मिसरवरच्या संकटांचे चरण आले, माश्या, बेडूक, टोळ, तेव्हा ऑर्गनिस्टनं बारीक, उड्या मारणारे स्वर काढले आणि समोरच्या रांगेतल्या दोन मुलांनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. कीर्तनात बुवा आख्यान रंगवतात तेव्हा पेटीवाला असाच मध्ये बोलतो.

चाळिसाव्या चरणाच्या सुमारास माझ्यात काहीतरी सैल झालं. तोवर मी ऐकत होते, चाल ओळखत होते, कोण कुठे श्वास घेतो ते बघत होते. मग ते थांबलं. डावीकडून एक चरण यायचा, दोन टिंबांशी थांबायचा, पूर्ण व्हायचा. उजवीकडून पुढचा. माझाही श्वास त्या टिंबांवर यायला लागला होता. आजोबा गेले त्या आठवड्यात घरी रोज रात्री हरिपाठ चालायचा. मी सात वर्षांची होते, अर्थ कळत नव्हता, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी नुसती इकडची ओळ, तिकडची ओळ ऐकत पडायचे. इतक्या वर्षांत ती मांडी आठवली नव्हती.

६६व्या चरणात देव झोपेतून उठल्यासारखा उठतो. तिथे पूर्ण ऑर्गन उघडला, सगळे एकत्र, तार सप्तकात. आणि मग शेवट एकदम घरगुती: मेंढवाड्यातून एका पोराला, दावीदाला, उचलून आणलं आणि लोकांना सांभाळायला बसवलं. चाल परत पहिली. शांत. मी घड्याळ बघितलं नव्हतं, इरानं बघितलं होतं. सतरा मिनिटं.

"मावशी, तू रडतेयस," ती कुजबुजली. मी हो म्हणाले.

त्यानंतर हॉवेल्सचं ग्लॉस्टरचंच गीत झालं. ते ज्या कमानींसाठी लिहिलं त्यांच्याखाली ऐकलं. मुलांची ओळ वर जाते, वरच थांबते आणि दगड ती हळूहळू खाली सोडतो. त्याबद्दल एवढंच लिहवतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. वाँटेज आणि ऑक्सफर्ड

आज पहिल्यांदा ऊन. ट्रेननं डिडकॉट, तिथून बसनं वाँटेज. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, भाजीचे ठेले, आणि चार पावलांवर सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं चर्च. याच चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ ला पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

वाँटेजच्या जोगिणींचं, म्हणजे इथल्या मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींचं, काम पुण्यात पंचहौदला होतं, रमाबाईंशी त्यांची ओळख तिथेच झाली. माझ्या लहानपणाच्या घंटांचा धागा या गावापर्यंत येतो, हे मला चाळिशीनंतर कळलं. रमाबाई इथे आल्या त्या वैद्यक शिकायचं ठरवून. पण त्यांचे कान कमी होत चालले होते, म्हणून ते राहून गेलं. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, आमची संस्कृत काय कमी आहे, हे त्यांनी इथल्या बायकांना ठणकावून विचारलं. बाप्तिस्मा घेतला, पण मान तुकवली नाही. मला त्या फार जवळच्या वाटतात.

चर्चमध्ये आमच्याशिवाय एक बाई फुलं लावत होती. मी मागच्या बाकावर बसले. जोगिणींच्या दिवसाची घडी स्तोत्रांवरच बसवलेली असते. त्या म्हणत असताना, निम्मं ऐकू येत असलेली ही पंचवीस वर्षांची चित्पावन बाई, जिला भागवत तोंडपाठ होतं, ती दोन टिंबांशी थांबणं ओठांकडे बघून धरत असेल का? पुढे केडगावला मुक्तिमिशनच्या व्यापात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत उतरवलं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं केलं. म्हणजे ही १५० स्तोत्रंही त्यांच्या हाताखालून गेली. कालचं ७८, परवाचं ७४, सगळी.

संध्याकाळी ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च. एका कॉलेजच्या पोटात असलेलं हे कॅथेड्रल, लहानसं. १५२६ मध्ये इथल्या क्वायरचा पहिला गुरू जॉन टॅव्हर्नर होता. उपासना सहाला, पण इथे सहा वाजतात ते पाच मिनिटं उशिरा. रेल्वेनं सगळ्या देशाला एक घड्याळ दिलं त्याआधी ऑक्सफर्डची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती, आणि हे कॅथेड्रल अजून त्याच वेळेनं चालतं.

सोळाच्या संध्याकाळचा वाटा ८२ ते ८५. मी थांबले होते ८४ साठी. त्यात परक्या गावातून मंदिराकडे निघालेला माणूस म्हणतो, चिमणीलासुद्धा घर मिळालंय, पाकोळीला पिल्लं ठेवायला घरटं मिळालंय, तुझ्या वेदीपाशीच. चाल साधी होती, शुद्ध सुरांची, एकेरी. चिमणीच्या चरणाला ऑर्गन थांबला आणि नुसते आवाज राहिले. दोन टिंबांशी सगळे थांबले, मीही थांबले. त्या गप्पपणात कुणीतरी बाकावर पाय हलवला तेवढाच आवाज झाला. मग घरट्याचा अर्धा चरण पुरा झाला.

बाहेर चौकात थंडी मी म्हणत होती. काळे झगे अंगावर असलेली मुलं रांग मोडून पळाली, एकाच्या बगलेत फुटबॉल होता.

इरानं फोनवर तक्ता काढला. तिला आता तो स्वतःहून काढायचा असतो. "उद्या रविवार, उद्याचं वेगळं असेल ना गं? सोमवारी अठरा. संध्याकाळी ९३ आणि ९४." सोमवारी संध्याकाळी माझं विमान. तिनं विमानाची वेळ बघितली, मग तक्ता बघितला.

"तू धावपट्टीवर असशील तेव्हा मी सॉल्सबरीला जाऊ का? एकटी?"

"जा," म्हटलं. "लवकर जा. बाकांच्या मागे बसायला मागून घे."